न गाणारे रोमिओ-ज्युलिएट

फ्रेंच संगीतकार हेक्टर बर्लिओझच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या सिंफनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेत, गाणारी माणसं भरपूर आहेत. कथा सांगणारा एक छोटा कोरस, म्हणजे समूहगायकांचा गट, आहे, कॅप्युलेट आणि मॉन्टेग्यू या वैरी घराण्यांचे मोठे कोरस आहेत, एक कॉन्ट्राल्टो, म्हणजे खालच्या पट्टीची गायिका आहे, एक टेनर, म्हणजे वरच्या पट्टीचा गायक आहे आणि शेवटी फ्रायर लॉरेन्स या धर्मगुरूच्या तोंडी भलंमोठं गाणं आहे. ज्यांची ही गोष्ट, ते दोघं मात्र सबंध सिंफनीत एक अक्षरही गात नाहीत. दीड तासाहून थोडं अधिक चालणारी ही रचना आहे आणि तेवढ्या वेळात सगळं व्हेरोना शहर त्यांच्याबद्दल बोलतं.

माझ्याकडचं रेकॉर्डिंग १९६८ चं. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर कॉलिन डेव्हिस, कंपनी फिलिप्स. गाणारे तिघं म्हणजे पॅट्रिशिया कर्न, रॉबर्ट टियर आणि जॉन शर्ली-क्वर्क. मुंबईत काळा घोड्याजवळ रिदम हाऊस होतं, तिथून दोन सीडींचा हा डबा घेतला होता. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. डब्यातल्या पुस्तिकेची पानं आता सुटी झाली आहेत, पण सीडी शाबूत आहेत. यानंतर या सिंफनीची आणखी कितीतरी रेकॉर्डिंग्ज ऐकली, तरी मनातलं घर याच रेकॉर्डिंगने धरलं आहे.

मला फ्रेंच येत नाही. पुस्तिकेतल्या भाषांतरावर बोट ठेवून कोरस ऐकायचा आणि वाद्यं सुरू झाली की पुस्तिका मिटून ठेवायची, अशी माझी पद्धत. पुढे बर्लिओझच्या आयुष्याबद्दल वाचलं आणि लक्षात आलं की हे नाटक त्याला पहिल्यांदा भेटलं तेव्हा त्याचीही अवस्था अशीच होती.

सप्टेंबर १८२७. पॅरिसच्या ओडिऑन थिएटरात एक इंग्रजी नाटक कंपनी आली होती. ११ तारखेला ‘हॅम्लेट’ झालं आणि १५ तारखेला ‘रोमिओ अँड ज्युलिएट’. बर्लिओझ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. घरच्यांनी डॉक्टर व्हायला म्हणून पॅरिसला पाठवलेला आणि शवविच्छेदनाच्या खोलीतून पळ काढून संगीताकडे वळलेला. इंग्रजी त्याला जवळजवळ येतच नव्हतं. रंगमंचावर चार्ल्स केंबल हा इंग्रज नट होता आणि आधी ऑफेलिया, मग ज्युलिएट म्हणून हॅरिएट स्मिथसन ही आयरिश नटी. लंडनमध्ये तिची फार मोठी नटी म्हणून गणना नव्हती. पॅरिसने मात्र तिला डोक्यावर घेतलं. शब्द न समजणाऱ्या प्रेक्षकांसमोर तिची मुद्रा, तिचे हात, तिचा आवाज कुठे चढतो आणि कुठे फुटतो, एवढ्यावरच सगळं नाटक उभं राहिलं. बर्लिओझने पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे की शेक्सपिअर त्याच्यावर अचानक विजेसारखा कोसळला.

ही वीज एकाच वेळी दोन ठिकाणी पडली. त्याचं शेक्सपिअरवर प्रेम बसलं आणि त्या नटीवरही. पुढच्या काळात त्याने तिला पत्रं लिहिली, तिने दाद दिली नाही. १८३० मध्ये त्याने या झपाटलेपणातूनच ‘सिंफनी फंटास्टिक’ लिहिली आणि ऑक्टोबर १८३३ मध्ये पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीत दोघांचं लग्न झालं. हे लग्न सुखाचं झालं नाही. तिचे रंगभूमीवरचे दिवस सरले होते, कर्ज होतं, दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. १८३९ मध्ये बर्लिओझ ज्युलिएटवर सिंफनी लिहायला बसला, तेव्हा त्याची ज्युलिएट शेजारच्या खोलीत होती, पाच वर्षांच्या मुलाची आई होती, आणि संसार उसवायला लागला होता. प्रेमप्रसंगाचं संगीत ऐकताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या संगीतात कडवटपणाचा मागमूसही नाही. बारा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ त्याने कशी जपून ठेवली असेल?

ही सिंफनी लिहिता आली ती विख्यात इटालियन व्हायोलिनवादक पॅगानिनीमुळे. १८३८ च्या सप्टेंबरात बर्लिओझचा ‘बेनव्हेनुतो चेलिनी’ हा ऑपेरा सपशेल पडला होता. डिसेंबरात त्याने एक मैफल केली, तिच्यात ‘हॅरोल्ड इन इटली’ वाजवलं. ही रचना मुळात पॅगानिनीने स्वतः व्हायोला (व्हायोलिनचाच थोडा मोठा भाऊ) वाजवता यावा म्हणून सुचवली होती, पण आपल्याला वाजवायला पुरेसं नाही म्हणून त्याने ती कधी वाजवलीच नाही. १६ डिसेंबरला त्याने ती पहिल्यांदा ऐकली. घशाच्या आजाराने त्याचा आवाज पूर्ण गेला होता. लहानगा मुलगा आकिले बापाच्या ओठांशी कान नेई आणि लोकांना सांगे. मैफल संपल्यावर पॅगानिनी मंचावर गेला आणि वादकांच्या देखत बर्लिओझसमोर गुडघे टेकून बसला. दोन दिवसांनी आजारी पडलेल्या बर्लिओझच्या अंथरुणाशी आकिले एक पत्र घेऊन आला. बेथोवननंतर त्याला पुन्हा जिवंत करू शकेल असा बर्लिओझ एकटाच आहे, असं पॅगानिनीने लिहिलं होतं आणि सोबत वीस हजार फ्रँकची देणगी होती.

कर्जं फिटली. वर्तमानपत्रांत समीक्षा लिहून पोट भरण्याची घाई काही काळ थांबली. सात महिने तो या एकाच कामात बुडाला होता, महिन्यातले जेमतेम तीन-चार दिवस सोडून. एमिल देशाँ या कवीने त्याचा गद्य आराखडा पद्यात बसवला. २४ नोव्हेंबर १८३९ ला पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत पहिला प्रयोग झाला, स्वतः बर्लिओझने कंडक्ट केलेला. सिंफनी पॅगानिनीला अर्पण केली होती, पण त्याला ती ऐकता आली नाही. दक्षिणेकडे गेलेला पॅगानिनी मे १८४० मध्ये नीसला वारला. ऐकणाऱ्यांत सव्वीस वर्षांचा, नुकताच पॅरिसला आलेला, खिशात दमडी नसलेला जर्मन संगीतकार रिचर्ड वॅग्नर मात्र होता. त्याचं पुढे येईलच.

आता खुद्द रचनेकडे. डेव्हिसच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवात व्हायोलांपासून होते. चिडलेली, तुटक, धावती ओळ. ती चेलो उचलतात, मग व्हायोलिन, आणि बघता बघता रस्त्यावर मारामारी जुंपते. तेवढ्यात ट्रॉम्बोनसह पितळी वाद्यं पुढे येतात आणि सगळ्यांना गप्प करतात. हा व्हेरोनाचा राजा. माणसाच्या बोलण्यातले चढउतार, थांबे, धमकी, सगळं आहे, फक्त शब्द नाहीत. नीट कान दिला तर कळतं की राजा जे ‘बोलतो’ ते मारामारीच्याच ओळीचे स्वर आहेत, लांब ओढून, जड करून म्हटलेले. दंगा करणाऱ्यांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकल्यासारखं. पहिल्या काही मिनिटांतच बर्लिओझ आपल्याला सवय लावतो, की इथे वाद्यांना पात्रं समजायचं.

मग येतो तो छोटा कोरस. हार्पच्या साथीने, जवळजवळ पाठ म्हटल्यासारखी, तो सगळी गोष्ट आधीच सांगून टाकतो, अगदी सूत्रधारासारखी. वैर, मेजवानी, बागेतली भेट. अधूनमधून वाद्यवृंद पुढे येणाऱ्या संगीताची झलक दाखवतो. कुणाला वाटेल, गोष्ट फोडून काय साधलं? मला वाटतं, इथेच त्याने शब्दांचं देणं चुकतं केलं. काय घडणार हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा पुढे वाद्यांनी फक्त कसं घडलं ते सांगायचं.

याच भागात कॉन्ट्राल्टोचं गीत आहे. पहिल्या प्रेमाच्या उमाळ्याबद्दलचं. पॅट्रिशिया कर्न ते साधेपणाने म्हणते, कुठेही आवाज दाखवत नाही. दुसऱ्या कडव्यात तिच्या आवाजाखालून चेलोंची ओळ वर येते आणि गाणं एकदम भरतं. शब्द मोठे विलक्षण आहेत. प्रेमाची स्तुती करता करता कवी म्हणतो की हे प्रेम म्हणजे खुद्द काव्यच तर नव्हे, ज्याचं रहस्य एकट्या शेक्सपिअरला ठाऊक होतं आणि जे तो आपल्याबरोबर स्वर्गात घेऊन गेला. गोष्टीच्या मधोमध नाटककाराचं नाव घेऊन केलेलं हे वंदन आहे. कथेचा ओघ तुटतो म्हणून काही जाणकार याला नावं ठेवतात. मला ही जागा फार प्रिय आहे. ज्याने आपलं आयुष्य बदललं त्याचं नाव घेतल्यावाचून राहवलं नाही, इतकंच.

एकट्या रोमिओची उदासी, दूरवरून येणारे मेजवानीचे सूर, मग प्रत्यक्ष मेजवानीचा कल्लोळ, आणि त्या कल्लोळावर रोमिओचं तेच ओबोवरचं गाणं आता फुंकून वाजवायच्या वाद्यांनी पूर्ण ताकदीने म्हणणं, हे सगळं ऐकण्यासारखं आहेच. पण मला थांबायचं आहे ते प्रेमप्रसंगापाशी.

रात्र. बाग निर्मनुष्य. तंतुवाद्यं इतक्या हलक्या आवाजात आहेत की खोलीतला पंखा बंद करावा लागतो. मग लांबून मेजवानीहून घरी जाणारे कॅप्युलेट तरुण गात जातात, नाचाच्या धुनेचे तुकडे, हसणं, ‘शुभ रात्री, शुभ रात्री’. डेव्हिसच्या रेकॉर्डिंगमध्ये हे आवाज खरोखर भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटतात. ते विरतात आणि त्यानंतर या प्रसंगात माणसाचा आवाज नाही. इथून पुढे चेलो आहेत, हॉर्न आहे, बासरी आणि इंग्लिश हॉर्न आहेत.

बर्लिओझने प्रस्तावनेत याचं कारण दिलं आहे. त्याचं म्हणणं, प्रेमाची युगुलगीतं थोरामोठ्यांनी हजारदा लिहून झाली आहेत. शिवाय हे प्रेम इतकं उदात्त आहे की गाण्याचे शब्द कल्पनेला बांधून टाकतील. वाद्यांची भाषा अधिक समृद्ध आहे, अधिक विविध आहे, आणि तिच्यात नेमकेपणा कमी आहे म्हणूनच इथे ती अधिक समर्थ आहे. ज्याच्या कानांनी आलाप ऐकला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बंदिशीत शब्द किती असतात? एखादी ओळ, दोन ओळी. गवई त्या शब्दांपाशी जातो, त्यांना स्पर्श करून बाहेर पडतो, आणि खरं सांगणं सुरू होतं ते आकारात. पॅरिसच्या १८३९ च्या श्रोत्यांसाठी हा धाडसी प्रयोग होता. आपल्याकडचा रसिक तर रोज तेच ऐकत आला आहे.

माझी आई नाट्यसंगीतावर वाढलेली. पाश्चात्य संगीत ती स्वतःहून कधी लावणार नाही, पण मी लावलं तर उठूनही जात नाही. एकदा हा प्रेमप्रसंग चालू असताना ती मेथी निवडत बसली होती.

“हे दोघं गातात कधी?” तिने विचारलं.

“गात नाहीत, आई. वाद्यंच आहेत.”

“नाटक आहे ना? मग पदं कुणी म्हणायची?”

मी काही बोलले नाही. पुढे एक जागा येते, जिथे संथ चाललेलं संगीत एकाएकी भेदरतं. लय तुटते, वाद्यं धाप लागल्यासारखी होतात, चेलो काहीतरी विनवतात. आईचे हात थांबले. “आतून कुणीतरी हाक मारली वाटतं तिला,” ती म्हणाली. नाटकात नेमकी त्याच प्रसंगात ज्युलिएटची दाई आतून हाका मारते. बर्लिओझने स्वरलिपीत तिथे दाईचं नाव लिहिलेलं नाही. आईने हे नाटक वाचलेलं नाही.

हा प्रसंग बर्लिओझला आपल्या साऱ्या निर्मितीत सर्वात आवडता होता, हे त्याने आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवलं आहे. डेव्हिसचं मोठेपण मला इथे दिसतं. तो शिक्षणाने क्लॅरिनेटवादक, तेव्हा फुंकून वाजवायच्या वाद्यांना श्वास किती लागतो हे त्याला अंगातून माहीत. तो घाई करत नाही आणि रेंगाळतही नाही. प्रत्येक वेळी मुख्य धून परतते तेव्हा थोडी लांबते, थोडी धिटावते, आणि तरी आता कळस आलाय असं तो आपल्याला आधीच कळू देत नाही. शेवटी निरोप घेताना ती धून तुकड्यातुकड्यांत तुटते. जाते म्हणायचं आणि जायचं नाही, हा ज्युलिएटचा सगळा खेळ त्या तुकड्यांत आहे.

पुढचा राणी मॅबचा भाग म्हणजे नुसतं चांदणं. स्वप्नं आणणारी ही चिमुकली परी, तिच्याबद्दल नाटकात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ लांबलचक बोलतो. वाद्यं दबलेली, वेग प्रचंड, आवाज कुजबुजीएवढा. मध्येच दूरवर शिकारीची हॉर्न्स. शेवटाकडे अगदी लहान, स्वरात लावलेल्या दोन जोड झांजा किणकिणतात. पॉम्पेईच्या उत्खननात सापडलेल्या पुरातन झांजा बर्लिओझने इटलीत पाहिल्या होत्या, त्यावरून त्याने या करून घेतल्या. इयरफोन लावून ऐकलं तर हार्पच्या वरती त्या थेंबासारख्या वेगळ्या ऐकू येतात. साध्या स्पीकरवर त्या हरवतात, म्हणून हा भाग मी इयरफोनशिवाय ऐकत नाही.

ज्युलिएटची अंत्ययात्रा ऐकताना मला दर वेळी तीच एक युक्ती थक्क करते. कोरस एकाच स्वरावर म्हणत राहतो, ‘फुलं उधळा’, आणि खाली वाद्यवृंद संथ, गुंतत जाणारी चाल वाजवतो. अर्ध्यावर अदलाबदल होते. तो एक स्वर वाद्यांकडे जातो आणि चाल माणसांच्या तोंडी येते. आधी लोक सुन्न होते, आता त्यांना रडू फुटलं. शेक्सपिअरच्या नाटकात ही अंत्ययात्रा नाही. ओडिऑनला बर्लिओझने पाहिलं ते डेव्हिड गॅरिक या इंग्रज नटाने अठराव्या शतकात बदललेलं नाटक, त्यात ती आहे. गॅरिकने शेवटही बदलला होता. मूळ नाटकात मेल्यासारखी झोप आणणाऱ्या औषधाच्या गुंगीतून ज्युलिएट थडग्यात जागी होते तेव्हा रोमिओ मेलेला असतो. गॅरिककडे विष घेतलेला रोमिओ अजून जिवंत आहे. दोघांची भेट होते, क्षणभर आनंद होतो, मग विष चढतं.

थडग्याचा भाग या क्रमाने गेला नाही तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. रोमिओचं आक्रंदन, मग इंग्लिश हॉर्न, हॉर्न आणि बासून एका सुरात करतात ती प्रार्थना, विष, मग क्लॅरिनेटवर हळूहळू डोळे उघडणारी ज्युलिएट, आणि पाठोपाठ वेडापिसा आनंद. त्यात प्रेमप्रसंगाचीच धून आहे, पण धापा टाकणारी, चुरगळलेली. मग सगळं फाटत जातं. बर्लिओझने स्वरलिपीत टीप दिली आहे, की गॅरिकच्या शेवटासह हे नाटक ज्यांना पूर्ण परिचित आहे अशा रसिकांसमोरच हा भाग वाजवावा, नाहीतर गाळावा. रेकॉर्डिंगमध्ये कुणी गाळत नाहीत, हे आपलं भाग्य. सभागृहात हा भाग विचित्र वाटू शकतो, इतका तो तुटक आहे. घरी, डोळे मिटून, रंगमंच आपला आपण उभा करता येतो. या सिंफनीचं खरं घर रेकॉर्डिंग आहे असं मी म्हणते ते यामुळे. ना ऑपेरा, ना नुसती सिंफनी, अशा या रचनेसाठी प्रेक्षागृहात कुठे पाहायचं हे माणसाला कळत नाही. ऐकणाऱ्याला तो प्रश्नच पडत नाही.

शेवटचा भाग जवळजवळ ऑपेराच आहे. स्मशानात दोन्ही घराणी धावत येतात, फ्रायर लॉरेन्स खरी हकीकत सांगतो, पुन्हा सुरुवातीचीच भांडणाची धून उसळते, आणि मग तो सर्वांकडून समेटाची शपथ घेववतो. अनेकांना हा भाग आधीच्या मानाने ढोबळ वाटतो. मला त्यात एक न्याय दिसतो. मेलेल्या दोघांना शब्द लागले नव्हते. वैर करणाऱ्या जिवंत माणसांना मात्र शब्दांनी बांधून घ्यावं लागतं, देवासमोर, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. शर्ली-क्वर्कचा आवाज खर्जातला असूनही कोवळा आहे. ‘बिचारी मुलं’ म्हणून तो रडतो तेव्हा तो उपदेशक उरत नाही. ही मसलत त्याचीच होती, त्यानेच ते औषध दिलं होतं, हे त्याच्या गळ्यातून ऐकू येतं.

वॅग्नरबद्दल सांगायचं राहिलं. १८६० मध्ये त्याने ‘ट्रिस्टन आणि इझोल्ड’ या आपल्या ऑपेराची छापील स्वरलिपी बर्लिओझला पाठवली. तिच्यावर फ्रेंचमध्ये लिहिलं होतं: ‘रोमिओ आणि ज्युलिएट’च्या थोर आणि प्रिय कर्त्यास, ‘ट्रिस्टन आणि इझोल्ड’च्या कृतज्ञ कर्त्याकडून. दोघांचं एरवी फारसं पटलं नाही, पण ऋण कुणाचं हे वॅग्नर विसरला नव्हता.

डेव्हिसने ही सिंफनी पुढे व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर आणि २००० मध्ये पुन्हा लंडन सिंफनीबरोबर रेकॉर्ड केली. दोन्ही चांगली आहेत, तरी पहिल्यातली ओढ मला त्यांत सापडत नाही. कंडक्टर टॉस्कानिनीचं १९४७ चं न्यूयॉर्कमधलं रेडिओ प्रसारण आवाजाने जुनाट आहे, पण प्रेमप्रसंग इतका ताणलेला, इतका निर्धाराचा दुसऱ्या कुणाकडे नाही. तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा होता. शार्ल म्युंशने बोस्टनमध्ये केलेलं १९६१ चं रेकॉर्डिंग मारामारी आणि मेजवानीसाठी ऐकावं. जॉन एलिअट गार्डिनरने त्या काळच्या वाद्यांवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये बर्लिओझने १८३९ नंतर काढून टाकलेला दुसरा प्रोलॉगही, म्हणजे कोरसचं दुसरं निवेदनही, ऐकायला मिळतो.

ज्यांना पहिल्यांदाच ऐकायचं आहे त्यांनी सबंध दीड तास एका बैठकीत काढायची सक्ती करून घेऊ नये. आधी मारामारी आणि राजा ऐका, मग थेट प्रेमप्रसंग. तो मनात बसला की राणी मॅब. नाटकाचा पाचवा अंक, कुठल्याही भाषेत का होईना, एकदा वाचून घ्या, आणि वाचताना ज्युलिएटला थोडी आधी जागी करा. मग थडग्याचा भाग लावा.